आगकाड्यांना चालविणारे चित्रमहर्षी

विशेष प्रतिनिधी, मीरा-भाईंदर

एकमेकांत घट्ट बसणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून घर, किल्ला किंवा आगगाडी उभी करण्याचा खेळ मीरा रोड आणि भाईंदरच्या गृहसंकुलांतील मुलांना नवा नाही. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने या ठोकळ्याच्या आजच्या रचनेचे पेटंट १९५८ मध्ये मागितले आणि तेव्हापासून हा ठोकळा जगभर पोहोचला. आता तर ठोकळे प्रत्यक्ष हातात असण्याचीही गरज उरलेली नाही. ऑस्ट्रेलियातील जेम्स जेसिमन या तरुणाने १९९५ मध्ये 'एलड्रॉ' ही संगणक प्रणाली तयार केली आणि ठोकळ्यांचा खेळ संगणकाच्या पडद्यावर आला. पडद्यावर रचलेल्या प्रतिकृतीवर प्रकाश कोठून पडतो, कोणत्या ठोकळ्याची सावली कोणावर येते, गुळगुळीत कडेवर चकाकी कशी उमटते, शेजारच्या लाल ठोकळ्याची लाली पांढऱ्या ठोकळ्यावर किती उतरते, याचा बिंदूगणिक हिशेब करून संगणक छायाचित्रासारखे चित्र तयार करतो. या प्रक्रियेला 'रेंडरिंग' म्हणतात. एक उत्तम चित्र हाती येण्यास कधी कधी तासन् तास लागतात. तेच ठोकळे चालताना दाखवायचे असतील, तर चित्रपटाच्या हिशेबाने सेकंदाला चोवीस चित्रे लागतात.

ही विद्या परदेशातून आली, असा सर्वसाधारण समज आहे. संगणकापुरता तो खराही आहे. मात्र निर्जीव वस्तू मांडायची, तिच्यावर प्रकाश पाडायचा, एक चित्र घ्यायचे, वस्तू किंचित हलवायची आणि पुन्हा एक चित्र घ्यायचे, हा या विद्येचा गाभा महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने आत्मसात केला होता. त्याच्यापाशी ठोकळे नव्हते. त्याने काड्यापेटीतल्या काड्या घेतल्या. धुंडिराज गोविंद फाळके हे त्यांचे नाव. 'राजा हरिश्चंद्र'चे निर्माते आणि भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके सर्वांना ठाऊक आहेत. प्रतिकृतीला प्रकाशाच्या बळावर खरेपण देणारा कारागीर ही त्यांची दुसरी ओळख मात्र काहीशी मागे पडली आहे. त्या कारागिरीसाठी त्यांनी आणि त्यांच्या कुटुंबाने मोजलेली किंमतही फारशी आठवली जात नाही.

त्र्यंबकेश्वर ते बडोदे

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव फाळके हे दाजीशास्त्री या नावाने ओळखले जाणारे संस्कृतचे पंडित होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईत आले. शास्त्र्यांच्या घरातला हा मुलगा पोथीपेक्षा रंग-रेषेत अधिक रमणारा निघाला. १८८५ मध्ये त्याने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकलेच्या वर्गात नाव घातले. पुढच्याच वर्षी थोरले बंधू शिवरामपंत यांच्यासमवेत तो बडोद्याला गेला.

बडोद्याच्या कलाभवनात फाळक्यांना जे मिळाले, त्यावर त्यांचे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले. तैलरंग आणि जलरंग तर ते शिकलेच, त्याखेरीज वास्तुकला आणि प्रतिकृती घडविण्याची विद्याही त्यांनी हस्तगत केली. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. ज्या माणसाने पुढे देशातल्या प्रेक्षकांना अंधाऱ्या सभागृहात स्वदेशी चित्रपटासमोर बसविले, त्याचा पहिला मोठा गौरव एका लहानशा, हाताने घडविलेल्या नाट्यगृहासाठी व्हावा, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे. या कामावर खूश झालेल्या एका चाहत्याने त्यांना किमती कॅमेरा भेट दिला. आता प्रतिकृती घडविणारे हात आणि तिचे चित्र टिपणारे यंत्र एकाच माणसापाशी आले होते.

कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी या विद्यार्थ्याची चिकाटी ओळखली. त्यांनी फाळक्यांना तीन रंगांचे ठसे तयार करण्याची आणि छायाचित्र दगडावर उतरवून छापण्याची कला शिकण्यासाठी रतलामला धाडले. वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरले तर ते लहान-मोठ्या ठिपक्यांचे बनलेले दिसते. एकच रंगीत चित्र तीन रंगांत विभागायचे, प्रत्येकाचा वेगळा ठसा करायचा आणि ते एकावर एक अचूक छापायचे, हे तंत्र फाळक्यांनी ऐन विशीत अंगी मुरवले. संगणकाच्या पडद्यावरील चित्रही तीन रंगांच्या बारीक बिंदूंचेच असते. डोळ्याला अखंड दिसणारे चित्र मुळात तुकड्यांचे असते, ही जाण फाळक्यांना छपाईने दिली.

गोध्र्याचा प्लेग

छायाचित्रकार म्हणून स्वतंत्र व्यवसाय करावा, या विचाराने १८९५ मध्ये ते गोध्र्याला गेले. व्यवसाय मार्गी लागत असतानाच प्लेगची साथ आली आणि १९०० मध्ये त्यांची पत्नी आणि मूल दगावले. तिशीतला हा माणूस उद्ध्वस्त होऊन बडोद्याला परतला. तेथे त्याने पुन्हा छायाचित्रांचे दुकान मांडले, पण गिऱ्हाईक फिरकेना. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे मृत्यू ओढवतो, अशी भीती त्या काळी लोकांच्या मनात घर करून होती. छायाचित्राला लोक खरोखरच घाबरतात, म्हणजेच ते त्याला खरे मानतात, हा अनुभव फाळक्यांना या कडू दिवसांत आला.

पोटासाठी त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. याच सुमारास बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून त्यांनी हातचलाखीचे आणि दृष्टिभ्रमाचे प्रयोग शिकून घेतले. १९०१ मध्ये ते स्वतःच प्रयोग करू लागले. फाळके या आडनावातील अक्षरे उलटी करून त्यांनी 'प्रोफेसर केल्फा' हे नाव धारण केले होते. प्रेक्षकाची नजर कोठे खिळवायची आणि हात कोठे हलवायचा, हे जादूगाराचे गणित पुढे कॅमेऱ्यामागे त्यांच्या कामी आले.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांची पुतणी असलेली करंदीकरांची कन्या सरस्वतीबाई होऊन फाळक्यांच्या घरी आली. पुढे चित्रपटाच्या कामावरची सारी माणसे त्यांना काकी म्हणू लागली. फाळक्यांच्या यशात या बाईंचा वाटा किती होता, हे पुढे येईलच.

सरकारी नोकरी सोडून छापखाना

१९०३ मध्ये फाळक्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. प्राचीन वास्तूंची अचूक चित्रे काढणे हे काम त्यांच्या प्रकृतीला मानवणारे होते. परंतु स्वदेशीच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता. १९०६ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या प्रती ज्या छापखान्यातून घराघरांत गेल्या, त्या छापखान्यासाठी फाळके छायाचित्रावरून दगडी ठसे तयार करून देत. पुढे कारखाना दादरला आला आणि 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने नावारूपाला चढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले.

देवादिकांची चित्रे कोणत्या प्रकाशात, कोणत्या रंगात मांडली म्हणजे सामान्य माणूस त्यांच्यापुढे हात जोडतो, हे रविवर्म्याच्या चित्रांवर काम करताना त्यांनी जवळून पाहिले. मात्र भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशी उलटलेले फाळके चालता धंदा सोडून घरी बसले.

डोळ्यांची किंमत

१४ एप्रिल १९११ रोजी ते मोठा मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातल्या 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये प्राण्यांचा एक चित्रपट पाहावयास गेले. पडद्यावर हलणारे प्राणी पाहिल्याचे मुलाने घरी सांगितले, तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी फाळक्यांनी साऱ्या घराला तेथे नेले. ईस्टरचा सण असल्याने त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट दाखविला जात होता. आपल्या रामकृष्णांना पडद्यावर कधी पाहता येईल, या विचाराने फाळक्यांना तेथेच पछाडले.

पुढचे वर्ष त्यांनी एका ध्यासात काढले. मिळेल तो चित्रपट पाहायचा, चित्रफितीचे तुकडे मिळवून ते चौकट न् चौकट तपासायचे, छोट्या यंत्रावर मेणबत्तीच्या आणि भिंगाच्या साह्याने भिंतीवर चित्रे पाडायची, असा त्यांचा दिनक्रम झाला. झोप जेमतेम उरली. या अतिश्रमांचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि काही काळ त्यांची दृष्टीच गेली. ज्याचे सारे भांडवल नजर, त्या माणसावर ओढवलेला हा प्रसंग किती भयंकर असेल याची कल्पनाच केलेली बरी. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले आणि तीन-चार चष्म्यांच्या आधाराने त्यांची दृष्टी परत आली. दृष्टी येताच फाळके पुन्हा त्याच कामाला लागले.

विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक केबोर्न यांनी या अनोळखी हिंदी गृहस्थाला आधी सावध केले आणि मग मदत केली. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओचे दार फाळक्यांना उघडले गेले. विल्यमसन कॅमेरा खरेदी करून आणि कच्ची फिल्म व छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवून १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईस परतले.

वाटाण्याचा अंकुर

यंत्र आले, पण पैसा संपला होता. चित्रपट काढतो असे सांगणाऱ्या माणसाला सावकाराने कर्ज द्यावे, असा पुरावा काय दाखवायचा? फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यासमोर कॅमेरा रोवला. ठरावीक अंतराने ते एकेक चित्र घेत राहिले. महिन्याभराहून अधिक काळ हा उद्योग चालला. त्यातून तयार झालेली फीत पडद्यावर जेमतेम मिनिटभराची होती. मातीतून अंकुर वर येतो, मान उचलतो, पाने उलगडतो आणि वेल होऊन चढू लागतो, हे त्या मिनिटात पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घडत होते. 'अंकुराची वाढ' या नावाने ती ओळखली जाते. तिने सावकाराचा विश्वास मिळविला आणि कर्जाची सोय झाली.

आज संगणकावर प्रतिकृतींची हलती चित्रे करणाऱ्या कोणालाही या प्रयोगातील अडचणी लगेच उमगतील. कॅमेरा महिनाभर तसूभरही हलता कामा नये. प्रत्येक चित्रावर प्रकाश सारखाच पडला पाहिजे, अन्यथा फीत लुकलुकते. मधेच एखादे चित्र बिघडले, तर झाडाला पुन्हा मागे नेता येत नाही. संगणकावर चुकलेली चौकट पुन्हा काढता येते. फाळक्यांना ती मुभा नव्हती.

काकींचा वाटा

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट सुमारे सात महिन्यांत पूर्ण झाला. दादरच्या मथुरा भवनाच्या आवारात देखावे उभारण्यात आले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे येईना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडे नेसविण्यात आले. रोहिदास झाला तो फाळक्यांचाच भालचंद्र. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालविला. बाहेरच्या चित्रीकरणासाठी मंडळी वांगणीला गेली, तेव्हा ढाल-तलवारी घेतलेल्या नटांना पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचा संशय आला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, अशी हकिगत सांगितली जाते. नाटकी शस्त्रे खरी वाटावीत, ही एका परीने फाळक्यांच्या कामाला मिळालेली पावतीच होती.

या साऱ्या काळात सरस्वतीबाईंनी काय केले, हे नव्या पिढीने समजून घेण्यासारखे आहे. भांडवलासाठी त्यांनी दागिने दिले. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या रोज रांधत होत्या. कच्ची फिल्म छिद्रांशिवाय येत असे. दिवसाचे काम आटोपल्यावर अंधाऱ्या खोलीत बसून त्या यंत्राने तिला छिद्रे पाडीत. फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी मावतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांवर चार-चार छिद्रे लागतात. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती. म्हणजे पडद्यावर गेलेल्या फिल्मपुरताच हिशेब केला, तरी चौकटी एकोणसाठ हजारांवर आणि छिद्रे पावणेपाच लाखांच्या घरात जातात. रसायने मिसळून फिल्म धुण्याचे कामही त्यांनी शिकून घेतले होते.

चित्रीकरण उन्हातच होई. भर उन्हात चेहऱ्याच्या एका बाजूला काळी सावली पडते. ती उजळावी म्हणून सरस्वतीबाई पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि चादरीवरून परतलेला मऊ उजेड नटांच्या चेहऱ्यावर पडे. एका वस्तूवर पडून दुसरीवर परावर्तित झालेल्या प्रकाशाचा हिशेब हा रेंडरिंगमधला सर्वांत किचकट भाग समजला जातो. त्याच्याविना चित्र खोटे आणि कोरडे दिसते. दादरच्या अंगणात हे काम तासन् तास चादर धरून अवघडलेल्या हातांनी केले. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र या हातांना जागा नव्हती.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी खुला झाला. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

आगकाड्यांची मौज

यशानंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट तेथे तयार झाले. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे राहून काम करण्यासाठी त्यांच्यापुढे भरघोस वेतनाचे प्रस्ताव आले, पण हा उद्योग स्वदेशातच रुजविण्याच्या निश्चयापायी त्यांनी ते नाकारले. परत येतात तोच पहिले महायुद्ध पेटले. भांडवलदारांनी हात आखडते घेतले, कच्च्या फिल्मची आयात अवघड झाली. मोठे देखावे आणि मोठा नटसंच परवडेनासा झाला.

या ओढगस्तीच्या दिवसांत, १९१५ च्या सुमारास, 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट तयार झाला. नट नाहीत, पोशाख नाहीत, राजवाडे नाहीत. काड्यापेटीतून बाहेर आलेल्या काड्या स्वतःच हलतात, एकत्र येतात, आकृत्या बनवितात, एवढाच त्याचा विषय. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांचा असा खेळ पडद्यावर आणला होता. भारतात निर्जीव वस्तूंना चौकटीगणिक हलवून सजीव करण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांत फाळक्यांच्या या लघुपटाचे नाव घेतले जाते.

हे काम किती चिवट असते, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटी धरीत. म्हणजे काड्यांची मिनिटभराची हालचाल दाखवायची, तर नऊशे साठ वेळा काड्या सरकवायच्या, हात बाजूला घ्यायचा आणि कॅमेऱ्याची कळ फिरवून एकच चौकट टिपायची. खिडकीतून आलेल्या झुळकीने एक काडी घरंगळली, की सारी मांडणी मोडते. ऊन सरकले, की सावलीची दिशा बदलते. काडी ही वस्तू नगण्य खरी, पण तिला सावली आहे, तिच्या टोकावरच्या गुलाला चकाकी आहे आणि पडद्यावर ती माणसाएवढी मोठी होऊन दिसते. तिथे केलेली हयगय प्रेक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. आज ठोकळ्यांच्या प्रतिकृतींची चित्रे करणारे तरुण ठोकळ्याच्या कडेला किंचित गोलाई देतात, त्यावर बारीक ओरखडे आणि बोटांचे ठसे उमटवितात. ही त्याच हयगयीविरुद्धची दक्षता होय.

याच काळात जादूगार केल्फाही पडद्यावर आला आणि फाळक्यांनी आपले हातचलाखीचे प्रयोग चित्रबद्ध केले. १९१७ मध्ये तर त्यांनी चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणारा लघुपटच काढला. आपली विद्या झाकून ठेवण्याऐवजी ती लोकांना दाखवावी, असे त्यांना वाटले. 'नवयुग' मासिकात त्यांनी याच विषयावर लेखमालाही लिहिली. जादूगार सहसा आपली पेटी उघडून दाखवीत नाही. फाळक्यांनी ती उघडली, कारण त्यांना या देशात एक धंदा उभा करायचा होता.

लंका, कंस आणि कालिया

१९१७ च्या 'लंकादहन'ने फाळक्यांना पुन्हा सुबत्तेचे दिवस दाखविले. राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. आकाशात झेपावणारा हनुमान आणि पेटलेली लंका पाहण्यास लोकांची रीघ लागली. १९१८ मध्ये भागीदारीत 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी' स्थापन झाली. 'श्रीकृष्ण जन्म' या चित्रपटात भयभ्रमित कंसाचे शिर धडावेगळे होऊन अधांतरी तरंगते. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून साधलेला तो परिणाम आजही पाहणाऱ्याला दचकवितो. 'कालिया मर्दन' मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. पाण्याखाली कृत्रिम नागाशी झुंजणाऱ्या या मुलीला प्रेक्षकांनी साक्षात कृष्ण मानले.

मीरा-भाईंदरच्या रहिवाशांना या किमयेचा आजचा अवतार परिचित आहे. काशिमीरा-घोडबंदर पट्ट्यात मालिकांच्या चित्रीकरणासाठी प्लायवूड आणि प्लास्टरचे वाडे, देवळे उभी राहतात. जवळून पाहिल्यास ती पोकळ दिसतात. योग्य बाजूने, योग्य प्रकाशात पाहिली की तीच घरोघरीच्या पडद्यावर खरी होतात. या पट्ट्यातील सुतार, रंगारी आणि प्रकाशयोजनाकारांची परंपरा थेट दादरच्या त्या अंगणापर्यंत पोहोचते.

उपेक्षेची वर्षे

भागीदारांशी फाळक्यांचे याही वेळी जमले नाही. चित्र मनासारखे होईपर्यंत थांबायचे, ही त्यांची वृत्ती आणि खर्चावर मर्यादा हवी, हा भांडवलदारांचा आग्रह, यांचा मेळ बसला नाही. ते काशीला निघून गेले आणि तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते कंपनीत परतले, पण पूर्वीचा उत्साह आणि पूर्वीची मोकळीक राहिली नव्हती. १९३१ मध्ये 'आलमआरा' प्रदर्शित झाला आणि पडदा बोलू लागला. त्या सुमारास तयार झालेला फाळक्यांचा 'सेतुबंधन' मुळात मूकपट होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट दिग्दर्शित केला, तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

त्यानंतर धंद्याने त्यांच्याकडे पाठ फिरविली. शब्दांच्या आणि गाण्यांच्या नव्या युगात चौकटीगणिक जादू करणाऱ्या या कारागिराला काम उरले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. ज्या धंद्याची पायाभरणी त्यांनी केली, तो तोवर देशातला एक मोठा उद्योग बनला होता.

पुढे मानसन्मान आले. १९६९ पासून भारत सरकारने त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले. गोरेगावच्या चित्रनगरीला २००१ मध्ये त्यांचे नाव मिळाले. २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या चित्रपटाने ही सारी कथा नव्या पिढीपुढे ठेवली.

उरलेले तुकडे

दादासाहेबांनी सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट काढले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्यांपैकी आज पाहावयास मिळतात ते थोडेच आणि तेही बहुतांशी तुकड्यांच्या रूपात. त्या काळची नायट्रेट फिल्म भडकन पेट घेई आणि पेटली नाही तरी काळाने चिकट होऊन भुगा होई. जुन्या फिल्ममधून चांदी मिळविण्यासाठीही अनेक फिती नष्ट करण्यात आल्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पी. के. नायर यांच्या परिश्रमांमुळे फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष जपले, त्यांवरच आपले समाधान. 'आगकाड्यांची मौज' मात्र त्यात नाही. महायुद्धाच्या टंचाईत एका कारागिराने काडी काडी सरकवून केलेला तो खेळ केवळ नावाने उरला आहे.

हे नुकसान आजच्या संगणकावरील कलावंतांनाही काही सांगून जाते. ठोकळ्यांची प्रतिकृती आता चिकट होत नाही, पेटत नाही. पण हार्ड डिस्क बिघडते, प्रणालीची आवृत्ती बदलते आणि दहा वर्षांपूर्वीची फाइल उघडेनाशी होते. जेसिमन यांचे १९९७ मध्ये अकाली निधन झाले, तरी त्यांची प्रणाली टिकली. तिची रचना सर्वांसाठी खुली होती, म्हणून जगभरच्या हौशी मंडळींनी ती पुढे चालविली. फाळक्यांनीही आपली पेटी उघडून दाखविली होती आणि म्हणूनच त्यांच्या फिती नष्ट झाल्या तरी त्यांची विद्या नष्ट झाली नाही. फिती जपण्याची व्यवस्था मात्र त्यांच्या हयातीत कोणी केली नाही.

सुट्टीच्या दिवसांत संगणकापुढे बसून प्लास्टिकच्या एखाद्या घरावर ऊन कसे पडेल, याचा विचार करणाऱ्या मुला-मुलींना पालक बहुधा डोळे सांभाळण्यास सांगतात. तो सल्ला योग्यच आहे. दादासाहेबांनी याच वेडापायी दृष्टी गमावता गमावता वाचविली होती. मात्र त्या मुलांनी आपले काम नीट जपून ठेवावे आणि ते करण्याची रीत इतरांना शिकवावी, हेही त्यांना सांगायला हवे. भाईंदरहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलने दादर तासाभराच्या आतच येते. तेथील दादासाहेब फाळके मार्गावर आज दुकानांची आणि वाहनांची गर्दी आहे. त्या गर्दीत कोठेतरी ते अंगण होते, जेथे एक पुरुष कॅमेऱ्याची कळ फिरवीत होता आणि एक स्त्री पांढरी चादर धरून उन्हाला वळण देत होती.